पाहुण्याच्या ताटातील भात

(जंगलभागातील गावांत तीन महिने राहून सेवाकार्य करण्यास निघालेल्या युवक-युवतींच्या तयारी-शिबिरात, चंद्रपूर येथे एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संयोजकांनी मला जे पत्रक पाठविले त्यात तुमच्या उपक्रमाचे वर्णन आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील जंगलपट्ट्यात, एकेका गरीब आदिवासी कुटुंबात, तुम्ही आषाढापासून तीन महिने ‘घरचे होऊन’ राहणार. रोवणीला हात लावणार, मुलांना शिकविणार, आरोग्याच्या चार गोष्टी सांगणार. तुमच्यात पुण्या-मुंबईचे आहेत, नागपूरचे आहेत, आणि परदेशात वाढलेल्या मराठी घरांतील तिघेजण आहेत असे समजले. सेवेची महती सांगणारे वक्ते तुम्हांला पुष्कळ भेटतील. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. पत्रकातील एकाच शब्दापाशी माझी नजर थबकली आणि त्या शब्दाविषयीच मी आज बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘घरचे’.

घरचा माणूस घरातले खातो आणि घरात आणतो. त्याचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तो हिशेब आयुष्यभर चालायचा असतो. या वर्षी त्याने खाल्ले तर पुढच्या वर्षी तो आणील. तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाचा हिशेब मात्र मांडावा लागतो. आजवर तो मांडला गेला तो एकाच बाजूने. सेवकाने किती दिवस दिले, किती मुलांना अक्षरओळख करून दिली, किती खड्डे खणले, हे सर्व संस्थांच्या अहवालांत छापून येते. ज्या घराने त्याला तीन महिने खाऊ घातले त्या घराचे किती गेले, ही नोंद मी कोणत्याही अहवालात पाहिलेली नाही.

साधे गणित करू. शहरी तरुण माणूस दोन वेळच्या जेवणात चारशे ग्रॅम तांदूळ खातो असे धरा. जंगलात चालून आलेला माणूस त्याहून अधिक खाईल. पण चारशेच धरा. महिन्याचे बारा किलो झाले, तीन महिन्यांचे छत्तीस. आता दुसरी बाजू पाहा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातील कुटुंबाला दर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला सरसकट ३५ किलो. २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य विनामूल्य आहे, पण त्याचे माप तेच आहे. म्हणजे तुम्ही एकटे दरमहा दोन माणसांच्या शिध्याहून अधिक खाणार, आणि तीन महिन्यांत एका अंत्योदय कुटुंबाचा सबंध महिन्याचा शिधा संपवून वर एक किलो उरविणार, म्हणजे त्या एका किलोचे देणे त्या घरावर उरविणार. तुमचे नाव त्या घराच्या शिधापत्रिकेवर नाही. रास्त भावाच्या दुकानदाराला तुमच्या सेवाभावाचे कौतुक असले तरी तो तुमच्या वाटचा दाणा देऊ शकत नाही.

आणि हे तीन महिने कोणते? आषाढ, श्रावण, भाद्रपद. या प्रदेशाचे अर्थकारण ज्यांना ठाऊक आहे त्यांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी होते, आणि या दोन हंगामांचा पैसा मृगाच्या आगेमागे बी-बियाण्यांत, उधारी फेडण्यात आणि लग्नकार्यांत निघून जातो. हलका धान हाती येतो तो दिवाळीच्या सुमारास, भारी धान त्याच्याही नंतर. मधला काळ हा कणगीचा तळ दिसण्याचा काळ. रानातल्या भाज्या, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, नदीनाल्यातले मासे यांवर तो काढला जातो. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि पलीकडची गावे दिवसेंदिवस तुटून राहतात. दुकानातून काही आणण्याचा प्रश्नच उरत नाही. हिवतापाचा जोरही याच दिवसांत. वर्षाचे बारा महिने मोकळे असताना पाहुणे पाठविण्यासाठी हेच तीन महिने निवडले गेले, याचे कारण महाविद्यालयांचे वेळापत्रक आणि शिष्यवृत्तीचे वर्ष हे आहे, असे संयोजकांनी मला प्रांजळपणे सांगितले. त्यांचा प्रांजळपणा मला आवडला. कारण मात्र पटले नाही.

केवळ तांदळाचे गणित मांडून थांबणे हा आमच्या शास्त्राचा जुना दोष आहे. जे मापता येते ते आम्ही मापतो आणि उरलेले ‘इतर’ या सदरात ढकलतो. माझी एक विद्यार्थिनी एटापल्ली तालुक्यातील एका माडिया घरात अशीच तीन महिने राहिली होती. तिने एक वही ठेवली. घरात काय आले, काय शिजले, कोण केव्हा उठले, पाणी किती खेपा आले, एवढेच ती लिहीत असे. निष्कर्ष वगैरे काही नाही. ती वही माझ्याकडे आहे आणि अर्थशास्त्राची पुष्कळ पुस्तके मी तिच्यासाठी बाजूला सारीन. पहिल्या पानापासून असे दिसते की ही मुलगी आल्यापासून हातपंपावरच्या दोन खेपा वाढल्या, कारण तिला रोज स्नान लागे. सरपणाची मोळी पूर्वी चार दिवस पुरे, ती तीन दिवसांत संपू लागली, कारण पाहुणीसाठी भात दोन्ही वेळा गरम होऊ लागला. घरची बाई पूर्वीपेक्षा आधी उठू लागली. आठ दिवस रोज भात आणि वरण झाले. नवव्या दिवशी ही मुलगी शेजारच्या गावी मुक्कामाला म्हणून गेली आणि नाल्याला पाणी असल्यामुळे संध्याकाळीच परत आली. घरात सगळे आंबील पीत बसले होते, बरोबर मीठ. तिने विचारले, तेव्हा त्या बाईने सांगितले की आमचे नेहमीचे हेच; पण पाहुणी घरात असताना आंबील कशी वाढायची?

वहीच्या तेविसाव्या पानावर एक कोंबडी आहे. परदेशात वाढलेल्या आपल्या तीन मित्रांनी हे ध्यानात घ्यावे की त्या घरात कोंबडी हे खाद्य नव्हे. ती बचत आहे. मूल आजारी पडले, पोलिसपाटलाकडे किंवा तालुक्याला जायचे झाले, की आठवडी बाजारात ती विकून रोकड उभी करायची. पाहुणीसाठी कोंबडी कापली याचा अर्थ बँकेतील ठेव मोडून मेजवानी दिली असा आहे. आपल्यापैकी किती घरांत अनोळखी पाहुण्यासाठी ठेव मोडली जाते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आता तुम्ही म्हणाल, आणि हे म्हणणे मी अनेक शिबिरांत ऐकले आहे, की आदिवासी माणूस मुळातच आतिथ्यशील आहे. त्याच्या आतिथ्याला पैशात मोजणे हा त्याचा अपमान आहे. या युक्तिवादाला थोडे थांबून उत्तर दिले पाहिजे, कारण तो गोड आहे आणि गोड असल्यामुळेच घातक आहे.

या जंगलात पाहुणे प्रथमच येत आहेत असे नाही. त्यांची एक परंपरा आहे. चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या येथे होत्या. त्या १९५१ मध्ये संपल्या. त्या काळात जमीनदाराचा कारकून आला, पटवारी आला, जंगलखात्याचा नाकेदार आला, की त्याचे सामान या गावाहून त्या गावी वाहून नेणे, त्याला खाट, तांदूळ, कोंबडी, सरपण देणे हे गावाकडे लागलेले असे. याला वेठ म्हणत. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या प्रश्नावर तयार केलेला अहवाल १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेठीच्या प्रश्नाची दखल त्याने सरकारी चाकरीत असूनही घेतली आहे. जमीनदारी गेली तरी नाकेदार राहिला. जंगलातून आणलेले लाकूड, कसलेली जमीन, चारलेली गुरे, यांतील प्रत्येक गोष्ट कायद्याने गुन्हा ठरू शकत होती. म्हणून नाकेदाराला दिलेली कोंबडी ही आतिथ्य होती की दंड होता, हे देणाऱ्यालाही वेगळे करून सांगता आले नसते.

पुढे १९८० पासून नक्षलवाद्यांची दलमे या भागात आली. रात्री दहा-पंधरा बंदूकधारी माणसे दारात उभी राहून जेवण मागतात. दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन विचारतात, काल कोणाला जेवू घातलेस? पहिल्याला नाही म्हणावे तर जिवाची भीती, दुसऱ्याला हो म्हणावे तर तुरुंगाची. भात वाढणे हाच गुन्हा ठरावा असा काळ या जिल्ह्याने कित्येक वर्षे काढला आहे. अलीकडच्या वर्षांत तो जोर पुष्कळ ओसरला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ज्या घरांनी तो काळ पाहिला त्या घरांत नवा अनोळखी माणूस महिनोन्‌महिने राहू लागला की शेजारी काय विचारतील, चौकीत काय विचारले जाईल, ही धास्ती अजून गेलेली नाही. ती तुम्हांला कोणी बोलून दाखविणार नाही. ‘जोहार’ म्हणतील आणि खाट टाकतील.

तुम्ही त्याच वाटेने येता आणि त्याच खाटेवर बसता. तुमचे मन स्वच्छ आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु खाट टाकणाऱ्याला ते कसे कळावे? त्याच्या अनुभवात, बाहेरून आलेल्या, चांगले कपडे घातलेल्या, साहेबाच्या ओळखीने आलेल्या माणसाला नाही म्हणण्याचा प्रघातच नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला आपण आतिथ्य म्हणतो, तेव्हा आपण शब्दाचा गैरवापर करीत असतो. म्हणून या उपक्रमाची कसोटी मी अगदी साध्या शब्दांत मांडतो: यजमानाला नाही म्हणता येते काय?

आदिवासींच्या स्वतःच्या व्यवस्थेत पाहुण्याची सोय कशी होती हे पाहिले तर एक उद्बोधक गोष्ट आढळते. गोंड-माडिया गावांत गोटुल असते. शहरात त्याविषयी नाही नाही त्या कथा प्रसृत झाल्या आहेत. त्या येथे सोडून देऊ. गोटुल ही गावाची सामाईक जागा. बैठक तेथे होते, आणि परगावचा पाहुणाही तेथे उतरतो. पाहुणा एका घराचा नसून गावाचा, आणि त्याचा भार एका चुलीवर न पडता गावावर, ही त्यामागची दृष्टी. पत्रकातील ‘एका कुटुंबात एक स्वयंसेवक’ ही कल्पना आपण पाश्चात्त्य देशांतून उचलली. दाराशी असलेली व्यवस्था आपल्याला दिसली नाही.

सेवेसाठी परक्या मुलखात जाणाऱ्यांची परंपराही आता शंभर वर्षांची झाली आहे, आणि तिच्यातील थोर माणसांनी हा प्रश्न कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल हे पेशाने अभियंता. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एन या गावी १९२० मध्ये त्यांनी निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांना घेऊन पुनर्बांधणीचे काम आरंभिले; त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल हिंदुस्थानात आले आणि भूकंपग्रस्तांसाठी गावे वसविण्याच्या कामात राबले. याच संघटनेचे परदेशी स्वयंसेवक पन्नाशीच्या दशकात आपल्या येथे वरोऱ्याला, आनंदवनात आले आणि कुष्ठरुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केले. बाबा आमटे यांनी पुढे मूल तालुक्यातील सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली तीही छावणीच. छावणीची पथ्ये कडक असतात, पण तिच्यात एक नैतिक सोय आहे: छावणी आपला शिधा आपण आणते. ती कोणाच्या कणगीत हात घालीत नाही.

प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ नंतर हेमलकशात राहू लागले, तेव्हा त्यांनीही माडियांच्या घरांत बिऱ्हाड केले नाही. स्वतःची झोपडी बांधली. उलट रोगी जेव्हा तेथे येऊ लागला तेव्हा तो एकटा आला नाही; बायको, मुले, भांडी, सरपण यांसह येऊन दवाखान्याच्या आवारात चूल मांडून राहिला. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे नाते तेथे उलटे झाले. त्याही पूर्वी, १९३२ मध्ये, व्हेरियर एल्विन हे इंग्रज गृहस्थ आणि त्यांचे मराठी सहकारी श्यामराव हिवाळे मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास गेले. त्यांनीही आपला आश्रम आपणच उभारला. हिवाळे यांचे नाव महाराष्ट्रात आज कोणास ठाऊक नसावे याचा मला विषाद वाटतो, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

मग गरिबाच्या झोपडीत त्याचीच आंबील पिऊन राहिलेले कोणीच नाही काय? आहे. गोदावरी परुळेकर ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये राहिल्या, त्यांच्या झोपड्यांत झोपल्या, त्यांनी जे वाढले ते खाल्ले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकात तो वृत्तान्त आहे. ते तुम्ही वाचलेले नसेल तर गावी जाण्यापूर्वी वाचा. पक्षभेद कोणाचे काही असोत, एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९४५ मध्ये सुरू झालेल्या त्या लढ्याने वेठ संपविली, लग्नाच्या कर्जापायी पिढीजात गुलाम झालेला ‘लग्नगडी’ मुक्त केला. वारल्यांनी बाईंना जे खाऊ घातले त्याची परतफेड अशी झाली. वेठीने पिळलेल्या घराचे अन्न खाण्याचा अधिकार त्यांनी वेठच मोडून मिळविला. तुमचे तीन महिने या मापाने मोजू नयेत एवढे तारतम्य मला आहे. परंतु ‘आम्ही त्यांच्यातच राहिलो’ हे वाक्य कोणत्या मोलाने उच्चारता येते, हे तुम्हांला ठाऊक असावे.

१९६१ मध्ये अमेरिकेने ‘पीस कोअर’ स्थापन केले आणि हजारो तरुण गरीब देशांतील गावांत धाडले. भारतातही ते १९७६ पर्यंत होते. १९६८ मध्ये इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत एका सभेत अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की तुमची सेवा येथे कोणाला नको आहे. पाहावयास या, शिकावयास या, उपकार करावयास येऊ नका. या भाषणाचा दाखला देऊन तुम्हांला परत पाठवावे असे काही विद्वानांना वाटेल. मला तसे वाटत नाही. इलिच यांचा रोख पाहुण्याच्या मनाकडे होता. पाहुण्याचे मन शुद्ध आहे की अहंकारी आहे, या चर्चेत आपण सुशिक्षित लोक फार रमतो, कारण ती अखेर आपल्याविषयीचीच चर्चा असते. मला काळजी यजमानाच्या हातातील सत्तेची आहे. ती सत्ता असेल तर अहंकारी पाहुण्यालाही गाव वठणीवर आणते, आणि ती नसेल तर साधुपुरुषसुद्धा गावाला भार होतो.

ती सत्ता कशी येते हे पाहावयाचे तर फार दूर जावयास नको. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा तुम्ही ऐकली असेल. तिचा मागचा भाग मात्र थोड्यांना माहीत असतो. ऐंशीच्या दशकात जंगल बचाव–मानव बचाव आंदोलनातून हे गाव जागे झाले. देवाजी तोफा हे गावचे, आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरचे. बाहेरच्या माणसाने तेथे काय केले? पुढारीपण केले नाही, देणगी आणली नाही. गावाने अभ्यासगट काढला आणि ते त्या गटात इतरांबरोबर बसले. जंगलावर आपला कोणता हक्क नोंदलेला आहे, कायदा काय म्हणतो, वनखाते काय म्हणते, याचा अभ्यास गाव करीत गेले. निर्णय सर्वसंमतीने ग्रामसभेत. गावाने उभारलेले गोटुल वनखात्याने मोडले तेव्हा गावाने ते पुन्हा उभारले. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा कागद मेंढ्याच्या हाती पडला, आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्याने विकण्याचा अधिकारही मिळाला. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे असे सामूहिक वनहक्क आहेत आणि कित्येक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात.

एक अर्थशास्त्रज्ञ म्हणून मी याकडे असे पाहतो: जंगल हातात आल्याबरोबर नाकेदाराची कोंबडी बंद झाली. तिच्यासाठी वेगळे आंदोलन करावे लागले नाही. ज्या गोष्टीचा गुन्हा होत होता ती हक्क झाली, म्हणून दंडरूपी आतिथ्याचे कारणच उरले नाही. अशा गावात तुम्ही गेलात तर तुमच्यासाठी खाट टाकली जाईल ती टाकावीशी वाटली म्हणून. आणि नको वाटलात तर तसे सांगितले जाईल. हा नकाराधिकार सर्वत्र आणि सर्व बाबतींत आला आहे असे मात्र समजू नका. सूरजागडच्या लोहखनिजाविषयी तेथील ग्रामसभांनी विरोध नोंदविला, आणि खाण तरीही चालू आहे. मोठ्या पाहुण्यांना अजून नाही म्हणता येत नाही.

आता गडचिरोलीतीलच दुसरे उदाहरण, आणि ते तुमच्या सेवेच्या कल्पनेला थेट भिडणारे आहे. अभय आणि राणी बंग १९८६ पासून या जिल्ह्यात काम करीत आले. नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी त्यांनी ३९ गावांत गावच्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगभर त्याची चर्चा झाली ती वैद्यकीय दृष्टीने. मला त्यात दिसते ते असे की आरोग्यदूत स्वतःच्या घरचा भात खाते. तिला खाट लागत नाही, भाषा शिकवावी लागत नाही, आणि तीन महिन्यांनी ती निघून जात नाही. मुलांना अक्षर शिकविणे, हात धुवायला सांगणे, यांसारखी जी कामे गावातील बारावी झालेली मुलगी करू शकते त्यांसाठी तुम्हांला पाठविणे म्हणजे तिच्या घराचा तांदूळ खाऊन तिचेच काम हिरावून घेणे होय.

तुम्हांला करण्यासारखे काम नाही असे नाही. ग्रामसभांचे तेंदू-बांबूचे व्यवहार आता मोठ्या रकमांचे झाले आहेत. जमाखर्च, करांची विवरणे, ठेकेदाराशी करार, यांत त्या अडतात. तुमच्यातील वाणिज्य शाखेच्या मुलाने एका ग्रामसभेची तीन वर्षांची खाती नीट लावून दिली आणि गावच्या एका मुलाला ती ठेवावयास शिकविले, तर त्याच्या छत्तीस किलो तांदळाचे मोल फिटेल. वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे आहेत, जंगलाच्या व्यवस्थापनाचे आराखडे आहेत. मात्र हे काम कोणते, ते गावाने सांगावयाचे. आणि माडिया, गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, यांपैकी जी भाषा तुमच्या गावाची असेल तिची दोनशे वाक्ये येत असल्याशिवाय निघू नये. मराठी सर्वांना कळते हा मराठी माणसाचा गोड गैरसमज आहे.

मुलींसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे; पत्रकात तिचा उल्लेख नाही. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहतात. ही झोपडी बहुधा पडकी, पावसात गळणारी. तेथे साप-विंचवाचे भय असते. प्रथा जावी असे माझे स्पष्ट मत आहे. पण तुम्ही ती यजमान बाईच्या घरात राहून मोडलीत तर तुम्ही तीन महिन्यांनी निघून जाल, आणि गावात बोलणी खाईल ती बाई. गावातील स्त्रिया ग्रामसभेत हा प्रश्न मांडत असतील तर त्यांच्या मागे उभ्या राहा. दुसऱ्याच्या पतीवर क्रांती करू नका. पत म्हणजे येथे अब्रू, अर्थशास्त्रातली नव्हे.

पैशाविषयी. मोबदला दिलाच पाहिजे, आणि तो भेट म्हणून जाताना पाकिटात घालून द्यावयाचा नाही. येताना, आधी, आणि धान्याच्या रूपाने. तीन महिन्यांचा तांदूळ, डाळ, तेल, मीठ मृगापूर्वी घरी पोचले पाहिजे, कारण पर्लकोटा तुमच्या मनिऑर्डरीसाठी थांबत नाही. वरची रोख रक्कम बाईच्या खात्यात जमा व्हावी. पाण्याच्या आणि सरपणाच्या खेपा तिच्या वाढतात. दर मात्र ग्रामसभेने ठरवावा. तो संस्थेने मुंबईत ठरविला आणि चढा ठरविला, तर काय होईल हे मी सांगू शकतो: सिमेंटची खोली असलेली, संडास असलेली गावातील बऱ्यापैकी घरे पाहुणे पटकावतील, आणि ज्या गरिबाच्या नावाने हा उपक्रम चालला आहे तो कडेला उभा राहून पाहील. एका घरी तीन महिने राहण्यापेक्षा गोटुलात किंवा समाजमंदिरात राहावे, आपली चूल आपण मांडावी, आणि बोलावणे येईल त्या घरी त्या दिवशी जेवावयास जावे, हे मला अधिक योग्य वाटते. चूल फुंकण्यात तुमचा एक तास जाईल. जाऊ द्या.

संयोजकांशी माझे सकाळी बोलणे झाले. त्यांनी निवडलेल्या गावांपैकी बहुतेक ग्रामसभांकडून ठराव आले आहेत. एका गावाने दिवाळीनंतर या असे कळविले आहे, आणि ते वाचून मला फार बरे वाटले, कारण ते नाही म्हणू शकणारे गाव आहे. दोन गावांकडून अद्याप काहीच उत्तर नाही. यादीत मात्र त्या दोन्ही गावांसमोर स्वयंसेवकांची नावे घातलेली मी पाहिली; उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असे कार्यालयात धरले गेलेले दिसते. ती चार नावे आज संध्याकाळपर्यंत यादीतून काढावीत आणि कोणी तरी त्या दोन गावी जाऊन, ग्रामसभेत बसून विचारून यावे, अशी माझी विनंती आहे. जाताना डबा बरोबर न्यावा.